डाव्या हाताचे वेढे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, चोरीसच्या माळांपलीकडे,
गंजक्या बिजागऱ्या आणि पाय मोडलेले टेबलफॅन यांच्यात
ती उताणी पडली होती. सहापैकी चार तारा.
माथ्यावरचं नाव कुणीतरी पॉलिशपेपरनं घासून काढलेलं.
"ब्रँडेड आसा," विकणारा म्हणाला,
"ब्रँड खंयचो, तें तूं सोद."
अठ्ठावीसशे सांगितले. मी दोन हजारांत घेतली, वर एक बिजागरी.

माझं दुकान भोंग्यांचं.
जत्रा, फेस्त, निवडणूक, कुणीही ओरडून फाडलेला पडदा
मी चिकटवून देतो.
गिटार मला वाजवता येत नाही,
फक्त कुठे फाटतंय ते ऐकू येतं.

रात्री शटर अर्धं ओढून झाकण उघडलं.
आत कुंभारणीचं मातीचं घर, रिकामं,
आणि पॉटच्या पाठीवर छापलेला आकडा:
आठवडा तेविसावा.
वर्ष डाखाच्या थेंबाखाली गेलेलं.
म्हणजे जून. कुठला जून, ते शिशाला ठाऊक.

मग मीटर लावला, जुना, काट्याचा.
मानेकडच्या पिकअपवर पेचकस टेकवला: काटा उजवीकडे.
पुलाजवळच्यावर टेकवला: डावीकडे.
पुन्हा टेकवला.
डावीकडेच.

पुढचे तीन आठवडे मी विद्वान होतो.
अर्धी वही भरली. बोटीवरच्या बँडातला कुणी असणार,
परक्या बंदरात विद्या शिकून ती मुठीत झाकून आणलेला;
ही उलटी तार म्हणजे त्याची सही.
त्याला मी मिशीसुद्धा दिली.

मग एकदा भिंग धरून बसलो तेव्हा दिसला
कॉइल बांधलेला दोरा: मेणाचा,
गाठ दुहेरी, मध्ये एक पीळ.
अशी गाठ गिटारीत नसते.
पंपाच्या मोटारीत मात्र मी ती पाहिली होती.

कुडचड्याला उगो वेळीप.
साठ वर्षं खाणीच्या मोटारी भरल्या,
आता मुलगा भरतो, हा गल्ल्यापाशी बसून चुका काढतो.
पिकअप हातात घेतला, आधी वास घेतला,
मग गाठीवरून नख फिरवलं. "म्हजी."

त्या वर्षी उजवा हात वार्निशनं भाजलेला, फडक्यात बांधलेला.
तार केसासारखी, यंत्रावर तुटायची.
म्हणून डाव्या हातानं, सायकलच्या चाकाला जोडून.
शंभर वेढे झाले की एक चिंचोका वाटीत.
बहात्तर चिंचोके, की त्र्याहत्तर. एक पोरानं खाल्ला असावा.
डाव्या हाताला दिशा कोण विचारतो?
आठ दिवसांनी गिऱ्हाईक भांडायला आलं,
दोन्ही एकदम लावले की आवाज नाकात जातो म्हणालं.
"बस, परत भरतां," मी म्हटलं.
तोपर्यंत तो वाजवत बसला.
वाजवता वाजवता गप्प झाला, पैसे ठेवले, गेला.
नाव? कोण जाणे. तुमच्यासारखाच, चप्पल बाहेर काढणारा.

येताना बसमध्ये मी वहीतली मिशी खोडली.

खुंट्या बदलल्या. पट्ट्यांवरचा गंज उतरवला.
खरखरणारा पॉट धुतला, तेविसावा आठवडा तसाच ठेवून.
कुंभारणीचं घर काढताना उगाच अपराधी वाटलं.
आणि ती तार: डाखणी तापवून दोनदा जवळ नेली.
दोनच टोकं अदलाबदल करायची होती.
रोजण पेटल्याचा वास आला, आणि मी डाखणी ठेवली.

बटण मधे. आता दोन्ही पिकअप
एकाच तारेबद्दल उलटसुलट साक्ष देतात;
जे दोघांनाही पटतं ते खोडलं जातं,
आणि भांडणातून उरतो तेवढाच सूर,
पातळ, गेंगाणा, पडशातला,
पण ट्यूबलाइटची ती कायमची गुणगुण
या एकाच जागी पार नाहीशी.

फोन लावून उगोला ऐकवलं. एकच तार, मोकळी.
पलीकडे बराच वेळ मोटार फिरत राहिली.
मग म्हणाला,
"बरोबर. अशेंच चुकिल्लें."